मोडीतलं तांबं

(दृश्य: पुणे, कसबा पेठ, तांबट आळी. निवेदन सुरू होण्याआधी थोडा वेळ फक्त हातोड्याचे ठोके ऐकू द्यावेत.)

पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार या आळीत वसले. हंडे, कळश्या, घंगाळी, पाणी तापवायचे बंब हे त्यांचं काम. बंब आता कुणी फारसा पेटवत नाही, त्यामुळे हातोडे कमी झालेत आणि घडणाऱ्या वस्तूंत शोभेच्या जास्त आहेत. काम मात्र तेच. लोखंडी दांड्याच्या टोकावर भांडं पालथं घालायचं, एका हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने ठोके टाकत जायचं. ठोक्याला ठोका लागून असावा, पण त्याच्यावर चढू नये. या कामाला मठारणं म्हणतात.

(दृश्य: भांड्याचा पृष्ठभाग, अगदी जवळून. एकेक खळगा चमकतो आहे.)

या खळग्यांना आपण नक्षी समजतो. त्यांचं खरं काम वेगळं आहे.

तांब्याचा पत्रा म्हणजे बारीक बारीक स्फटिकांची दाटी. प्रत्येक स्फटिकात अणू ओळीने, थरांवर थर बसलेले. ठोका पडला की थर थरावरून सरकतो, म्हणून तांबं फुटत नाही, पसरतं. पण ठोके वाढत गेले की या सरकण्यात गुंते होतात, एका गुंत्यात दुसरा अडकतो आणि पत्रा ताठ होत जातो. त्यानंतरही दामटून ठोकलं तर चीर जाते. कारागिराला हे आवाजावरून कळतं. ठोक्याचा नाद बदलला की भांडं भट्टीत जातं.

लालसर होईपर्यंत ताव दिला की आतले अणू हलतात, नवे स्फटिक उगवतात, गुंते सुटतात. तांबं पुन्हा मऊ. पोलादाचं पातं लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. तांबं बुडवलं तरी मऊच राहतं.

भट्टीतून भांडं काळं होऊन बाहेर येतं. हा काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा. घरी आपण चिंच लावून जे करतो तेच इथे तीव्र आम्लाने करतात: आम्ल ऑक्साइड विरघळवतं, खालचं तांबं उघडं पडतं. शेवटची मठारणी झाल्यावर मात्र भांडं भट्टीत घालत नाहीत. त्या ठोक्यांनी आलेला ताठपणा हवाच असतो. म्हणून पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने काठोकाठ भरून उचलला तरी त्याला पोचा पडत नाही.

(दृश्य: भांड्यांचं जुनं दुकान. तराजूवर चेपलेला हंडा.)

"काका, मोडीचा भाव काय चाललाय?"

"तांब्याची की पितळेची? आधी बघू तर दे."

दुकानदार हंडा उलटा करतो, तळ बघतो, कडेचा सांधा बघतो, आत बोट फिरवतो. मग कानस काढतो आणि एका कोपऱ्यात दोनदा घासतो. लाल निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. एवढं झाल्यावर भाव सांगतो, आणि तो बोर्डावरच्या भावापेक्षा थोडा कमीच असतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. पण दुकानदाराने बोट फिरवलं ते उगाच नव्हे.

या हंड्याचं तांबं म्हातारं झालेलं नाही. कागद दर वेळी लगद्यात गेला की त्याचे तंतू आखूड होतात, पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागद व्हायच्या लायकीचा राहत नाही. प्लॅस्टिक तापवलं की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून पाण्याच्या बाटलीची पुन्हा तशीच बाटली करणं जिकिरीचं होतं. तांब्यात तुटायला साखळीच नाही. 1085 अंश सेल्सिअसला ते वितळतं, आणि त्या क्षणी सगळे ठोके, पोचे, सगळा ताठपणा पुसला जातो. उरतो तो नुसता अणू, आणि अणूला वय नसतं. आपल्या घरातल्या विजेच्या तारेत पणजीच्या घंगाळातलं तांबं असू शकतं.

मग अडतं कुठे? संगतीत.

हंड्याच्या सांध्याला डाक, म्हणजे जोड धरून ठेवणारा मिश्रधातू, लावलेला असतो. त्यात दुसरे धातू आले. आत कल्हई आहे. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा तेव्हा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघायचा, आठवतो? नवसागर तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते तांब्यावरचा ऑक्साइड खातं, आणि त्या स्वच्छ पृष्ठभागावर कथील पसरतं. कथील 232 अंशालाच वितळतं, म्हणून कापसाच्या बोळ्याने सारवता येतं. पण ते नुसतं वर बसत नाही. तांबं आणि कथील जिथे भेटतात तिथे दोन्ही मिळून नवं संयुग तयार होतं, धरून ठेवणारं. कथलाच्या थरामुळे ताक, आमटी कळकत नाही. आणि त्याच थरामुळे हंडा मोडीत गेला की कथीलही भट्टीत जातं.

त्याचा पुन्हा हंडा करायचा असेल, किंवा पितळ ओतायचं असेल, तर एवढंसं कथील खपून जातं. तार ओढायची असेल तर खपत नाही.

(दृश्य: भंगाराच्या गोदामात सोललेल्या तारांचा ढीग, शेजारी एसीच्या वाकड्यातिकड्या नळ्या.)

भंगाराच्या धंद्यात चकचकीत, सोललेल्या, न जळलेल्या तारेला मिलबेरी म्हणतात. सगळ्यात चढा भाव तिचा. शेजारी पडलेल्या एसीच्या नळ्याही तांब्याच्याच, दिसायला तितक्याच लाल. पण नळी जोडताना तांब्यात ऑक्सिजन असलेला चालत नाही, म्हणून कारखान्यात तांब्यात चिमूटभर फॉस्फरस घालतात. दहा हजार भागांत चार भाग, बस. एवढ्यानेच तांब्याची वीज वाहून नेण्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. विजेचे इलेक्ट्रॉन तांब्याच्या शिस्तीतल्या ओळींमधून सहज जातात. मध्ये एक परका अणू आला की ते त्याच्यावर आदळून विखुरतात, तार तापते. म्हणून नळी आणि तार एका मुशीत टाकणं म्हणजे तारेचं नुकसान. फॉस्फरस डोळ्यांना दिसत नाही, पण नळी कुठली आणि तार कुठली हे दिसतं, आणि इथेच भंगारवाल्याची नजर कारखान्यातल्या यंत्रापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा पुरेशी ठरते.

मिसळलेलं तांबं शुद्ध करता येतं. अशुद्ध तांब्याच्या जाड पाट्या मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि गंधकाम्लाच्या द्रावणात टांगायच्या, समोर पातळ पत्रा, मध्ये विजेचा प्रवाह. पाटीतला तांब्याचा अणू द्रावणात उतरतो आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसतो. लोखंड, निकेल, जस्त द्रावणातच राहतात. सोनं-चांदी विरघळतच नाही, टाकीच्या तळाशी गाळ होऊन साचते. तो गाळ कुणी फेकून देत नाही, हे सांगायला नको. पाटी संपायला काही आठवडे लागतात आणि 99.99 टक्के शुद्ध तांबं मिळतं.

म्हणजे उपाय आहे, पण वीज खाणारा आहे. तरी खाणीपेक्षा कितीतरी परवडतो. गोंदियाला लागूनच मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आहे. तिथली मलाजखंड ही देशातली तांब्याची सर्वात मोठी खाण. अशा खाणीत शंभर किलो दगड फोडून, दळून जेमतेम किलोभर तांबं हाती येतं. खनिजात तांब्याला गंधक चिकटलेलं असतं, ते भट्टीत सल्फर डायऑक्साइड होऊन सुटतं आणि पकडावं लागतं. मोडीतून तांबं घेतलं तर यातली 80 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी साधारण एक तृतीयांश आजही भंगारातूनच येतं.

(दृश्य: रात्र. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत पेटलेला तारांचा ढीग.)

ही मात्र वाईट बाजू. तार सोलायला वेळ लागतो, जाळायला लागत नाही. वरचं आवरण पीव्हीसीचं, म्हणजे त्यात क्लोरीन. आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार व्हायला क्लोरीन, अर्धवट जळालेला कार्बन आणि तांबं एवढं पुरतं. तांबं इथे नुसतं बघ्यासारखं बसत नाही, ती अभिक्रिया वेगाने घडवून आणतं. त्यात गंमत अशी की जळालेल्या तारेला मिलबेरीचा भाव मिळत नाही, कारण ती काळी पडलेली असते. वाचलेला वेळ असा भावात जातो, आणि जाळणाऱ्याची छाती भरते ती वेगळीच.

(दृश्य: जालना. लोखंडी भंगाराचे डोंगर, भट्टीचा लाल प्रकाश, रुळांमधून सरसर बाहेर पडणारी तापलेली सळई.)

आतापर्यंत तांब्यात दुसरं काही मिसळू नये, याची गोष्ट सांगितली. उलटं झालं तर जास्त वाईट.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत साधारण 20 किलो तांबं असतं. विजेवरच्या मोटारीत त्याच्या तिप्पट-चौपट. गाडी तशीच चेचून भट्टीत घातली तर हे तांबं पोलादात जातं आणि तिथून निघत नाही. इतर बऱ्याच अशुद्धी ऑक्सिजनशी जुळून वितळलेल्या पोलादावर तरंगणाऱ्या मळीत जातात. तांब्याला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी. तांबं जाळून काढायचं म्हटलं तर त्याआधी सगळं लोखंडच जळेल! मग पोलाद तापवून लाटताना वरचं लोखंड गंजून पापुद्रा होतं, मागे तांबं साचतं, वितळतं आणि पोलादाच्या कणाकणांच्या सांध्यात शिरतं. पत्रा तडकतो.

मोटारीचा पत्रा करायचा तर पोलादात 0.06 टक्क्यांहून जास्त तांबं चालत नाही. 700 किलो पोलादाला हा हिशोब 420 ग्रॅमचा. बांधकामाची सळई सोशिक, 0.4 टक्क्यांपर्यंत सहन करते. म्हणून जुन्या गाडीच्या लोखंडाची पुन्हा गाडी क्वचित होते, बहुधा सळई होते. ती स्लॅबमध्ये गाडली जाते. पुढे कधी तो स्लॅब पडेल, सळई परत भंगारात येईल, तेव्हा आजचं तांबं तिच्यात असेलच, वर त्या वेळच्या भंगारातलं आणखी मिसळेल.

(दृश्य: भंगाराचं यार्ड. एक कामगार डॅशबोर्डच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून तारांचा जुडगा ओढतो आहे.)

हा जुडगा, स्टार्टरची मोटार, डायनामो, वायपरची मोटार, काच वर-खाली करायच्या छोट्या मोटारी. गाडी चेचायच्या आधी हे सगळं हाताने काढलं की पोलाद वाचतं आणि तांबंही स्वच्छ मिळतं. आपल्याकडे हे काम अजून माणसं करतात. या कामगाराला मजुरी मिळते ती निघालेल्या तांब्याच्या वजनावर. पोलाद स्वच्छ राहिलं, त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.