मिरगाच्या आधीचा गडगा

(दृश्य: मे अखेरची सकाळ. मालवण तालुक्यातली एक वाडी. उतारावर काजूची कलमं, मधून गेलेला गडगा, म्हणजे हद्दीवरचा दगडी बांध. एका ठिकाणी तो ढासळलाय.)

मे महिना सरत आला की कोकणात गडगे बांधून काढायची घाई सुरू होते. मिरग आठ-दहा दिवसांवर आलेला असतो. चाकरमान्यांची परतीची तिकिटं काढून झालेली असतात. आणि नेमक्या याच दिवसांत वाडीवाडीतून चढलेले आवाज ऐकू येतात.

"ह्यो गडगो माज्या आज्यान घातलेलो."

"घातल्यान खरो. पण तेवा हंय नाय होतो. दीड हात माज्यात सरकलो हा."

बोलणारे दोघे सख्खे चुलतभाऊ. विहीर सामाईक, गणपती एकाच घरात बसतो. गेली तीन वर्षं आरतीला दोघे उभे राहतात ते मखराच्या दोन टोकांना.

(दृश्य: गडग्याचे दगड, अगदी जवळून.)

हा गडगा नीट बघा. जांभ्या दगडाचा, चुना नाही, सिमेंट नाही. तळाला दोघांनी मिळून उचलावे लागतील असे धोंडे, वर लहान दगड, फटींतून ठोकून बसवलेल्या कपऱ्या. पावसात यावर शेवाळ चढतं. वरच्या अंगाची माती पाणी पिऊन फुगते आणि गडग्याला ढकलते. गडग्याला पोट सुटतं, आणि एखाद्या रात्री तो खालच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, उतरतो. कोकणात जमीन उताराची, त्यामुळे दगड पडतात ते खालच्याच्या जमिनीत.

मग पुढच्या उन्हाळ्यात गडी येतात. दगड जिथे पडलेत, तिथूनच रचायला घेतात. मूळ पाया मातीखाली गेलेला असतो, तो उकरून बघायला कोणाला वेळ नसतो. गडगा वीतभर खाली येतो. आणखी काही वर्षांनी पुन्हा वीतभर. कोणी चोरी केलेली नसते, पण तीस-चाळीस वर्षांत दीड हात जमीन इकडची तिकडे झालेली असते. मुद्दाम बांध कोरणारे, रात्रीत दगड हलवणारे लोकही आहेत, ते नाकारत नाही. पण मी जे गडगे फिरून पाहिले, त्यातले बरेचसे असे पावसानेच चालवलेले होते. आणि प्रत्येक ठिकाणी भांडणाचा पहिला शब्द होता, "चोर".

दोन्ही भावांकडे सातबारा आहे. दोघेही तो कॅमेऱ्यासमोर धरतात. पण सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. तुमच्या नावावर अमुक गुंठे आहेत एवढंच त्यावरून कळतं. ते गुंठे या काजूपर्यंत की त्या माडापर्यंत, हे कळत नाही. ते कळतं टिपणांवरून, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदींवरून, आणि हिस्से दाखवणाऱ्या फाळणी नकाशावरून, आणि ते कागद असतात तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. तिथे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ठरल्या दिवशी भूकरमापक येतो, हल्ली बहुतेक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र, घेऊन. हद्दीच्या खुणा जागेवर दाखवतो, हजर असलेल्यांचे जबाब घेतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरमोजणी करून घेता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात.

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. पेन्सिलच्या रेघेवर टेकवलेलं बोट.)

ही रेघ. नकाशा १:१००० प्रमाणात असेल आणि रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती अर्धा मीटर भरते. म्हणजे सुमारे दीड फूट. कितीतरी दावे याच दीड फुटासाठी चालतात. २०० फूट लांबीचा गडगा दीड फूट सरकला तर ३०० चौरस फूट जागा जाते. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ही जागा पाव गुंठ्याहून थोडी जास्त. एवढ्या जागेत काजूचं एक कलम जेमतेम उभं राहील.

हे सांगताना मला तटस्थ राहता येत नाही. आमच्या घरातही असा दावा होता. वडील तारखांना जायचे. पहाटेची एसटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद, संध्याकाळी परत आल्यावर ओट्यावर बसून एकच शब्द: "तारीख". ज्याच्याशी दावा होता तो काका वारला, तेव्हा वडील त्याच्या अंगणात पाऊल टाकू शकले नाहीत. गडग्यापाशी उभे राहिले.

मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. समोरचा हटला नाही तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं. आणि इथे मुंबईकरांनी कान द्यावा: १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात मालकीवरून ताबा परत मागायला १२ वर्षांची मुदत आहे. कोणी तुमच्या हद्दीत उघडपणे, मालक म्हणून कुंपण घालून बसलाय आणि तुम्ही १२ वर्षं गप्प राहिलात, तर नंतर कागद हातात असूनही अवघड होतं. तुमच्या परवानगीने वापरत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ती परवानगी लिहून ठेवा. सातबारा सामाईक असेल तर तिढा आणखी वाढतो. आधी आपसात वाटप नको का? वाटपच झालं नसेल तर हद्द कोणाकोणामधली मोजायची?

१९६६ च्या जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे. दगड हरवला तर सरकार येऊन बसवेल, या भरवशावर आपण राहतो. आपल्या हद्दीचा दगड नक्की कुठे आहे, हे आपल्यातल्या किती जणांना दाखवता येईल?

(दृश्य: ढासळलेली जागा. धाकटा भाऊ पिकास घेऊन उकरतोय. थोरला वरच्या अंगाला उभा.)

भूकरमापक परवा येणार आहे. त्याच्याआधी मूळ पाया शोधायचं गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने सुचवलं. फूटभर माती काढल्यावर पिकास दगडावर वाजते. एक धोंडा, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, सगळे एका ओळीत. आताच्या गडग्यापासून जवळजवळ दीड हात वर.

थोरला खाली उतरतो, ओळीवरची माती हाताने बाजूला करतो. बराच वेळ कोणी बोलत नाही.

"आज्यान घातलेलो तो ह्यो," तो म्हणतो, आणि धाकट्याच्या हातून पिकास घेतो. ओळ पुढे फणसापर्यंत जाते की नाही, ते अजून उकरून बघायचंय.