कुत्र्याचं भांडं जमिनीवरच बरं

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरी जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड किंवा आपला कारवानी आहे, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. खोल, अरुंद छातीच्या कुत्र्यांचं जठर वायूनं फुगतं आणि कधीकधी फुगता फुगता पीळ खातं. पीळ बसला की वरची आणि खालची दोन्ही वाट बंद होते. ढेकर नाही, उलटी नाही. ताणलेलं जठर पोटातल्या मोठ्या शिरा दाबतं, हृदयाकडे रक्त परतत नाही, आणि उपचार झाले नाहीत तर कुत्रं काही तासांत दगावतं.

सुरुवात भांड्यापासून करू. उंच स्टँडवरच्या वाडग्यात जेवलं की हवा कमी गिळली जाते, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उलटंच दिसलं: उंचावर जेवणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा आजार जास्त. पुढचे सगळे अभ्यास त्याच्याशी जुळले नाहीत, पण स्टँडमुळे धोका टळतो असंही कुणी दाखवून दिलेलं नाही. म्हणून भांडं जमिनीवर. मान किंवा अन्ननलिकेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनीच स्टँड सांगितला असेल, तर मात्र तो काढू नका.

त्याच अभ्यासात भराभर खाणं हेही कारण ठरलं. घड्याळ लावून बघा. वाडगं मिनिटभरात चाटूनपुसून साफ होत असेल, तर वेग कमी करायलाच हवा. आतून उंचवटे असलेलं ‘स्लो फीडर’ भांडं मिळतं. बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या कुत्र्याला उथळ उंचवट्यांचं घ्या. खोल खाचांपर्यंत त्याचं तोंड पोचत नाही, मग ते भांडंच उलटवतं नाहीतर प्लास्टिक चावतं. दहीभात देणाऱ्यांनी या भांड्याच्या फंदात पडू नये, खाचांत शितं अडकून आंबतात. त्यापेक्षा घरातली मोठी परात घ्या आणि भात पातळ पसरा. कोरडं खाणंही परातीत छान पसरतं. भांड्यात गुळगुळीत दगड ठेवायची युक्ती चालते, पण दगड कुत्र्याच्या जबड्यात मावणार नाही एवढा मोठा हवा. आणि घरात दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घाला. शेजारचा आपलं खाईल या धास्तीनं दोघंही बकाबक गिळतात.

आपल्याकडे रात्री एकदाच पातेलंभर खाणं ओतायची पद्धत आहे, ती सोडा. दिवसाचं खाणं ४०० ग्रॅम असेल तर २०० ग्रॅम दोनदा, जमलं तर साधारण १३० ग्रॅम तीनदा. फिरून आल्या आल्या वाढू नका, धापा थांबू द्या. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी पळापळ, उड्या नकोत. पाणी मात्र अडवू नका. पाणी तोडलं की नंतर कुत्रं एकदम ढसाढसा पितं.

एवढं करूनही धोका शून्य होत नाही, म्हणून लक्षणं ओळखा: पुन्हापुन्हा उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, फार तर फेस, लाळ गळते, कुत्रं एका जागी बसत नाही, वळून पोटाकडे बघतं, बरगड्यांमागचा भाग टणक लागतो, हिरड्या फिकट पडतात. दाट केसांत फुगलेलं पोट दिसत नाही, हातानं चाचपा. सोडा, इनो, ओवा, तूप काही देऊ नका. पीळ बसला असेल तर ते पुढे सरकतच नाही. सकाळपर्यंत वाट बघणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठला, हे आजच विचारून ठेवा आणि निघताना फोन करा.

कुत्र्याच्या आई-बापाला किंवा भावंडाला हा त्रास झाला असेल, तर जठर पोटाच्या उजव्या भिंतीला टाक्यांनी जोडून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मादीची नसबंदी करतानाच, त्याच भुलीत, हे करता येतं. त्यानंतरही पोट फुगू शकतं, पण पीळ बसायची शक्यता फारच कमी उरते.