टॉमीचा पाय आणि सगळ्यांचा विमा

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते सरकारी आरोग्य विम्याबद्दल. तोही सगळ्यांसाठी. फक्त पक्क्या नोकरीवाल्यांसाठी नाही, फक्त गरिबांसाठी नाही. सगळ्यांसाठी. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

हा विषय निघाला की टॉमी डग्लसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. टॉमीचा जन्म १९०४चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. वडील ओतकाम करणारे कामगार. पोरगा लहानपणी पडला, गुडघ्याला लागलं आणि दुखणं थेट हाडात उतरलं. ऑस्टिओमायलायटिस. अँटिबायोटिक्स तेव्हा नव्हती. हाडात पू धरायचा, चिरून काढायचा, पुन्हा धरायचा. पुढे कुटुंब कॅनडात विनिपेगला गेलं, तिथेही दुखण्याने पाठ सोडली नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पाय कापावा लागेल. मोठा सर्जन गाठायचा तर आईबापांकडे तेवढे पैसे नव्हते. पोरगं धर्मादाय वॉर्डात पडून होतं.

आणि तिथे एक नावाजलेले सर्जन आले. त्यांना ही केस शिकवायला चांगली वाटली. म्हणाले, मी फुकट ऑपरेशन करतो, पण माझे विद्यार्थी ते बघतील. आईबाप लगेच हो म्हणाले. पाय वाचला! नुसता वाचला नाही. १९२२ साली त्याच पायावर उभा राहून हा मुलगा मॅनिटोबा प्रांताचा लाइटवेट बॉक्सिंग चॅम्पियन झाला. नाक मोडलं, दात पडले, पण जिंकला. पुढच्या वर्षी किताब राखलाही.

   

तर, टॉमीचा पाय वाचला तो नशिबाने. त्या दिवशी ते सर्जन त्या वॉर्डात आले नसते तर? मुलाचा पाय आईबापांच्या खिशावर अवलंबून असू नये, हे डग्लस यांच्या मनात पक्कं बसलं. ते आधी धर्मोपदेशक झाले, मग राजकारणात आले. १९४४ साली सस्कॅचेवान प्रांताचे प्रीमियर झाले, म्हणजे आपण मुख्यमंत्री म्हणतो तसे. १९४७ साली त्यांनी प्रांतभर रुग्णालय विमा आणला. डॉक्टरांच्या फीचा विमा लागू झाला १ जुलै १९६२ला, आणि त्याच दिवशी तिथले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवस संप चालला. डग्लस तोवर देशाच्या राजकारणात गेले होते, वुड्रो लॉइड मुख्यमंत्री होते. लॉइड यांनी डॉक्टरांशी तडजोड केली, पण योजना सोडली नाही. १९६६ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला आणि १९७२ पर्यंत कॅनडाचे सगळे प्रांत त्यात आले.

आता विरोधक विचारतात, पैसा कुठून आणणार? अहो, पैसा लोक आजही भरतातच. फक्त एकेकटे भरतात, तेही घरातलं माणूस आत आयसीयूमध्ये असताना, काउंटरवर उभं राहून. तोच खर्च सगळ्यांनी मिळून, उत्पन्नाप्रमाणे, धडधाकट असतानाच भरायचा, एवढंच. आणि सगळे त्यात हवेत ते याचसाठी. विमा ऐच्छिक ठेवला की तरुण आणि निरोगी माणसं बाहेर राहतात, आजारी तेवढे आत येतात. हप्ता वाढतो, मग आणखी माणसं गळतात. सगळे आत असले तर हे होत नाही.

श्रीमंत देशांनाच हे परवडतं असंही नाही. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा महायुद्धाने देश पिळून निघाला होता, रेशनिंग चालू होतं. त्यांनी विम्याऐवजी थेट करातून खर्च केला, पण सेवा सगळ्यांना दिली. थायलंडने २००२ साली आधीच्या योजनांबाहेर उरलेल्या सगळ्या नागरिकांना सरकारी आरोग्य योजनेत घेतलं. थायलंड काही श्रीमंत देश नव्हता.

म्हणून ज्यांच्या हातात मत आहे त्या लोकप्रतिनिधींना माझी कळकळीची विनंती आहे: सगळ्यांच्या विम्याचं विधेयक सभागृहात येईल तेव्हा बाजूने हात वर करा. आणि श्रोतेहो, तुम्ही आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहा. अमुक योजनेला पाठिंबा द्या, एवढंच लिहून थांबू नका. विचारा, आधीपासून मधुमेह असलेल्याला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळणार का? नोकरी सुटली तर विमा सुटणार का? दवाखान्यात भरती न होता रोज घ्यावी लागणारी औषधं त्यात धरली आहेत का? उत्तर लेखी मागा, आणि आलं नाही तर पुन्हा लिहा.

नमस्कार.