आय-थ्री कशाला घ्यायचा?

(पावसाळी सकाळ. उद्यमबागेतलं एक छोटं वर्कशॉप. लेथचा आवाज.)

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशिनिंगचे बरेच जॉब लेथवर चढण्याआधी आता कॉम्प्युटरवर चढतात. या वर्कशॉपच्या कोपऱ्यात ड्रॉइंगचं टेबल आहे. मॉडेल फिरवलं की पडदा थिजतो. मालकांनी ठरवलंय, यंदा हा कॉम्प्युटर बदलायचा.

"सेकंडहँडमध्ये आय-सेव्हन मिळतोय की ओ. मग आय-थ्री कशाला घ्यायचा?"

आय-थ्री, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची नावं; आकडा मोठा तो भारी, असा समज. पै पै जमवून घेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे.

(टेबलावर दोन प्रोसेसर, शेजारी शेजारी.)

हा आय-सेव्हन ४७७०, सन २०१३चा. चार कोअर, म्हणजे काम करणारे चार भाग; आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी आठ कामं; वेग जास्तीत जास्त ३.९ गिगाहर्ट्झ. आणि हा आय-थ्री १२१००, २०२२चा. यालाही कोअर चारच, थ्रेड आठच, वेग ४.३. कागदावर फरक किरकोळ. पण एका कोअरवर चालणारं काम हा आय-थ्री दीडपटीहून जास्त वेगानं उरकतो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती होतं, हे त्या आकड्यात कुठंच लिहिलेलं नसतं, आणि मधल्या नऊ वर्षांत सुधारलं ते नेमकं तेच.

मग जास्त कोअरचा घेतला तर? इथल्या कामगाराला हे समजावायला वेळ लागत नाही. जॉबला आधी फेसिंग, मग ड्रिल, मग टॅप. भोक पडल्याशिवाय आटे पाडता येत नाहीत, म्हणून एका जॉबवर चार माणसं लावली तरी तो चौपट लवकर होत नाही. कॅडमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधलं मॉडेलही असंच पायरीपायरीनं बनतं, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. त्यामुळे बराचसा भार एकाच कोअरवर येतो. रेंडरिंगची, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र बनवण्याची गोष्ट वेगळी. चित्राचे तुकडे करून वाटून देता येतात, तिथं सहा कोअरचा, एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० पैसे वसूल करून देतो.

जुन्या आय-सेव्हनची आणखी एक अडचण. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलची आठव्या पिढीआधीची बहुतेक मॉडेल्स नाहीत. ४७७० चौथ्या पिढीचा आहे.

(खानापूर. छापखाना. पडद्यावर लग्नपत्रिका, वर मराठी, खाली कन्नड.)

इथं दुखणं प्रोसेसरचं नाहीच. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही जास्त वेगवान डिस्क बसवली, रॅम वाढवली, की पत्रिका झटकन उघडते. नवाच घ्यायचा झाला, तर नावाच्या शेवटचं अक्षर मात्र वाचा. रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग नाही, ५६००जीमध्ये आहे. इंटेलचं उलटं: १२४००मध्ये आहे, १२४००एफमध्ये नाही. चार पैसे वाचतात म्हणून एफ आणला आणि पडदा काळाच राहिला, तर वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट ग्राफिक्स कार्डाला जातात.

किंमत मांडताना बोर्डही, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो मदरबोर्डही धरावा लागतो. ज्यांच्याकडे आधीच रायझनच्या एएम-४ सॉकेटचा बोर्ड आहे, त्यांनी बायोसचा, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचा अपडेट मिळतो का ते आधी बघावं. २०१७च्या कित्येक बोर्डांवर २०२२चा रायझन चालतो. तसं असेल तर नुसता प्रोसेसर बदलून भागतं, बाकी सगळं तेच.

(बेळगाव, खडेबाजार. कॉम्प्युटरचं दुकान. बाहेर पाऊस.)

मालकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. आत त्यांचंच पंप हाउसिंगचं मॉडेल.

"दोन्हीवर हेच उघडून दाव बाळा. आमचं काम आमच्या फाइलवर बघू की."

पोरानं दोन्ही मशीनवर एकदमच क्लिक केलं. आय-थ्रीवर हाउसिंग फिरायला लागलं, तेव्हा शेजारच्या पडद्यावर गोल चक्रच फिरत होतं. मालकांनी पोराच्या हातातला मोबाइल घेतला, स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि म्हणाले, "परत एकदा लाव."