तापातला रिपोर्ट

(ज्येष्ठ नागरिक संघापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आईचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. आईंचं वय ७४, फ्लूचा ताप, पाचवा दिवस. घरीच रक्त घ्यायला माणूस बोलावून सगळ्या तपासण्यांचं पॅकेज केलेलं. लाल अक्षरांतले आकडे त्यांनी पेनाने गोल करून आणले होते. व्हिटॅमिन डी ११, झिंक कमी, लोह कमी, बी१२ कमी आणि फेरिटिन, म्हणजे लोह साठवून ठेवणारं प्रथिन, मात्र वाढलेलं, ६४०. "डॉक्टर, आईच्या अंगात काही उरलंच नाही हो," म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. हातात मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची पिशवी.

मंडळी, त्या गोल केलेल्या आकड्यांबद्दलच आज बोलायचं आहे.

विषाणू शरीरात शिरला की यकृताची कामं बदलतात. ते हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक जास्त बनवू लागतं. त्यामुळे आतड्यातून रक्तात येणारं लोह अडतं आणि पेशींतलं लोह पेशींतच राहतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर ते लपवून ठेवतं. रक्तातलं लोह घसरतं आणि फेरिटिन चढतं. झिंकही रक्तातून यकृतात ओढलं जातं. ए आणि डी ही जीवनसत्त्वं रक्तात ज्या प्रथिनांवर बसून फिरतात, ती प्रथिनंच आजारात कमी होतात. गावात बंद पुकारला की दुकानदार बाहेर मांडलेला माल आत घेतो आणि शटर ओढतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान रिकामं वाटतं, माल मात्र आत असतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०११ साली एक साधी गोष्ट तपासली. गुडघा बदलायच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांचं रक्त घेतलं, नंतरही घेतलं. शस्त्रक्रियेनंतर शरीरात दाह वाढला आणि दोनच दिवसांत डी ठळकपणे खाली आलं. दोन दिवसांत कुणाचं ऊन बदललं नव्हतं, की जन्मभराचा आहार बदलला नव्हता. कोविडच्या काळात "डी कमी असलेले जास्त आजारी पडतात" अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्यातला काही भाग उलटा असणार, म्हणजे जास्त आजारी होते म्हणून डी कमी दिसत होतं.

मग देऊन बघितलं का? बघितलं. ब्राझीलमध्ये साओ पाउलोत कोविडने दाखल झालेल्या सुमारे २४० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना डीचा एकच मोठा डोस दिला, २ लाख युनिटचा. रक्तातला आकडा चढला, पण रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये डी कमी असलेल्यांना सहा महिने रोज डी देऊ केलं, तरी श्वसनाचे संसर्ग घटले नाहीत. झिंक आणि व्हिटॅमिन सी जास्त मात्रेत देऊन अमेरिकेत घरी असलेल्या कोविड रुग्णांवर प्रयोग झाला, त्यातही आजार लवकर बरा झाला नाही. आपल्याकडे त्या दोन वर्षांत या गोळ्या मात्र घरोघरी, वाण्याच्या यादीत साखर-चहा लिहावा तशा आणल्या गेल्या.

म्हणून उतारवयात कमतरता नसतेच, असं समजू नका. असते, आणि खरी असते. वयाबरोबर त्वचेची डी बनवायची ताकद घटते. जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटत नाही. त्यात शाकाहार, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं सकाळी घेतलेली ॲसिडिटीची गोळी. कवळी सैल असली की शेंगदाणे, मटकी, भाकरीचा पापुद्रा खाणं सुटतं आणि जेवण चहा-बिस्किटावर, मऊ भातावर येतं. हे आजाराच्या कितीतरी आधीचं असतं. त्या रिपोर्टमध्ये मी एका आकड्यावर मात्र लगेच विश्वास ठेवला, तो बी१२चा. तापाने तो खाली येत नाही.

तापातल्या वृद्ध माणसाची सर्वात तातडीची तपासणी कोणती? माझ्या मते सोडियम आणि पोटॅशियम. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, रात्री उठून "माझी एसटी चुकली" म्हणू लागल्या, तर घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. अनेकदा सोडियम घसरलेलं असतं. बीपीची पाणी काढणारी गोळी चालूच, चार दिवस जेवण नाही आणि वर नुसतं पाणी पाजणं. हा आकडा दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही. आठ-दहा दिवस काही न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर भरवणंही धोक्याचं, कारण फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतात. थोडं थोडं, डॉक्टरांना विचारून भरवावं.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. ६०,००० युनिटची डीची पुडी आठवड्यातून एकदाची असते. एक आजी ती रोज दुधातून घेत होत्या, दोन महिने. तोंडाला कोरड, पोट साफ नाही, सारखी लघवी, दिवसभर गुंगी. कॅल्शियम इतकं चढलं होतं की दाखल करावं लागलं. झिंकचंही तसंच, जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि रक्त कमी होतं.

त्या गृहस्थांना मी बी१२ची इंजेक्शनं लिहून दिली, सोडियम त्याच दिवशी करून घेतलं आणि बाकीची पिशवी परत न्यायला सांगितली. आठ आठवड्यांनी, सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, खाली आल्यावर, पुन्हा रक्त काढलं. लोह आणि झिंक जागेवर, फेरिटिन १४०, डी १७. तेव्हा डी सुरू केलं, बेताच्या मात्रेत. आई स्वतः आल्या होत्या. ब्लाउजचे हूक गेलं वर्षभर सुनेकडून लावून घ्यावे लागत, बी१२ कमी असल्याने बोटांना कळतच नसे. आता जमतात, असं त्यांनी मला लावून-काढून दाखवावं तसं हवेत बोटं हलवून सांगितलं.