आधी पुस्तक, मग वाचन

श्रोतेहो, नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी नाशिकमध्ये मुद्रितशोधन करते, म्हणजे सगळेजण ज्याला प्रुफे तपासणे म्हणतात तेच काम. रविवार कारंजाजवळच्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात सुरुवात केली, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या कागदांत पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, कुठल्याशा संस्थेची स्मरणिका आणि मधूनच एखादा कवितासंग्रह असे. कादंबरी आली तर ती बहुधा निवृत्त शिक्षकाची असे. आता माझ्या टेबलावर कथा-कादंबऱ्यांची जी बाडे येतात, त्यांतली बरीचशी पहिलेच पुस्तक लिहिणाऱ्या स्त्रियांची असतात. एका टेबलावरच्या अनुभवाला आकडेवारी म्हणू नये, हे मला ठाऊक आहे. पण नव्या लेखिकांचे पहिले पुस्तक आज कसे तयार होते, कोणाच्या हातून जाते आणि कुठे अडते, हे या टेबलावरून फार जवळून दिसते, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

एक बाड डोळ्यांसमोर आणते. गेल्या वर्षी द्राक्षाचा हंगाम संपता संपता निफाड तालुक्यातल्या एका बाई ते घेऊन आल्या. घरची सहा एकर बाग, दोन मुले शिकायला नाशिकला, आणि कादंबरी पूर्णपणे मोबाईलवर बोलून लिहिलेली. फोनने ऐकले तसे उतरवले होते, त्यामुळे छाटणीची जागोजागी ‘चाचणी’ झाली होती आणि एका प्रसंगात सासरे पहाटे उठून बागेची चाचणी घ्यायला निघाले होते. त्या चुका दुरुस्त करायला दोन दिवस पुरले. खरी अडचण वेगळी होती. एकूण एकेचाळीस प्रकरणे, प्रत्येक साधारण चार पानांचे, आणि प्रत्येकाच्या शेवटी दार तरी वाजत होते, फोन तरी येत होता, नाहीतर कोणी चक्कर येऊन पडत होते. विचारल्यावर कळले की, ही कादंबरी आधी मोबाईलवरच्या एका कथामंचावर रोज एक भाग याप्रमाणे प्रसिद्ध झाली होती. उद्याचा भाग वाचायला वाचकाने परत यावे, म्हणून रोज शेवटी दार वाजवावे लागे.

क्रमशः लिहिणे आपल्याकडे नवे नाही. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली, पण तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी नियतकालिकात झाली होती. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, तीही आधी क्रमशः प्रसिद्ध झाली होती. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ पुस्तक म्हणून १९८६ मध्ये आले, त्यापूर्वी ते ‘स्त्री’ मासिकातून वाचकांसमोर आले होते. यांतली शेवटची दोन आत्मकथने आहेत, कादंबऱ्या नव्हेत. तरी ती मुद्दाम घेतली, कारण ज्या स्त्रियांना कथा-कादंबरीचा दरवाजा सहज उघडला नाही, त्या आत्मकथनाच्या दाराने मराठी साहित्यात आल्या आणि तिथेही उंबऱ्यावर मासिकच उभे होते. मजकूर पुस्तक होण्यापूर्वी मासिकाच्या संपादकाच्या हातून जाई. तो संपादक कधी पाठ थोपटी, कधी साभार परत करी, आणि क्वचित एखादा चार पानांचे पत्र लिहून कथेत काय जमले नाही ते सांगे.

ही वाट आता अरुंद झाली आहे. ‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ मध्ये बंद पडले. त्यानंतरही चांगली मासिके निघाली. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने कितीतरी जणींना पहिल्यांदा लिहिते केले. तरीही दर महिन्याला नव्या कथा मागवून, वाचून, परत लिहून घेणारी जागा कमीच होत गेली. उरला तो दिवाळी अंक. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा बाजार वर्षातून एकदाच भरतो. त्यात नामवंतांना निमंत्रण जाते आणि नवख्या लेखिकेची कथा जाहिरातींनी पाने किती खाल्ली यावर अवलंबून राहते. मोबाईलवरच्या मंचांनी ही पोकळी भरली, हे मान्य करायला हवे. २०१४ मध्ये बंगळूरमधून सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठीतून लिहिणाऱ्या स्त्रिया मला नाशिकमध्ये पावलोपावली भेटतात. त्यांना वाचक मिळतो, प्रतिक्रिया मिळतात, काहींना थोडे पैसेही मिळतात. मात्र अकराव्या आणि बाराव्या प्रकरणात तीच गोष्ट दोनदा सांगितली आहे, असे लिहून पाठवणारा कोणी मिळत नाही. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे पुस्तके ऐकवणारे ॲप भारतात आले आणि पहिल्यापासून मराठीतही आले. त्यानंतर ऐकण्यासाठीच लिहिणे हाही एक मार्ग झाला. तिथे निदान निवेदकाला श्वास कुठे घ्यायचा एवढा विचार होतो, आणि मराठी वाक्याला त्याचा फायदाच झाला, असे माझे मत आहे.

आता व्यवहाराकडे वळते, कारण पहिल्या पुस्तकाची गोष्ट व्यवहारावाचून पुरी होत नाही. पूर्वी हजार प्रतींची पहिली आवृत्ती हा रिवाज होता. ती आता पाचशेवर, तीनशेवर आली आणि डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीही छापता येतात. छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये चालते; आठ फॉर्म म्हणजे एकशे अठ्ठावीस पाने, आणि नवख्या लेखिकेचे पुस्तक शक्यतो एवढ्यातच बसवावे असा आग्रह असतो, मग कथेला दहा पाने कमी हवी असोत की चाळीस जास्त. प्रती कमी झाल्या की दर प्रतीचा खर्च वाढतो आणि तो वसूल कसा करायचा, असा प्रश्न येतो. त्याचे सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे ठराविक प्रती लेखिकेनेच विकत घ्यायच्या. काही जण हे सरळ सांगतात आणि त्या बदल्यात कामही चोख करतात. काही जण सांगत नाहीत. एका ओळखीच्या बाईंना दोनशे प्रतींचे खोके घरपोच आले आणि सोबत बिल आले, तेव्हा त्यांना समजले की करारातल्या ‘सहकार्य’ या शब्दाचा अर्थ हा होता. ती खोकी अजून त्यांच्या दिवाणात आहेत.

या व्यवस्थेत लेखिकेच्या बाजूने जे घडते, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत पुस्तकासाठी पैसे निघतात. नवरा देतो, मुलगा पुण्याहून पाठवतो, एखादी आपली भिशी लागल्यावर तीच रक्कम लावते. प्रकाशन समारंभ, शाल, श्रीफळ, पेढे यांत कोणी हात आखडत नाही; सभागृहात पहिल्या तीन रांगा नातेवाइकांच्या असतात आणि सासूबाई कौतुकाने डोळे पुसतात. पण हीच बाई समारंभाच्या चार महिने आधी म्हणाली असती, की मला हे बाड पुन्हा पहिल्यापासून लिहायचे आहे, रोज दोन तास दार लावून बसणार आहे आणि संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी बघा, तर काय झाले असते याचा अंदाज श्रोत्यांमधल्या भगिनींना मी सांगायला नको. पैसा मागता येतो, कारण त्याला पावती असते. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळेला पावती नसते. म्हणून पहिला खर्डाच छापला जातो. पुस्तक आधी होते, आणि ते नीट वाचणारे कोणी मिळालेच तर नंतर मिळते.

हा क्रम सर्वत्र असाच आहे असे नाही. इंग्लंड-अमेरिकेत साहित्यिक मध्यस्थ, ज्यांना एजंट म्हणतात, त्यांच्या हातून गेल्याशिवाय मोठ्या प्रकाशकाच्या दारात सहसा पाऊल पडत नाही, आणि ते मध्यस्थ नकार देण्यात उदार असतात. बॉनी गार्मस या लेखिकेच्या एका हस्तलिखिताला अठ्ठ्याण्णव नकार मिळाले. नंतर दुसरी कादंबरी लिहून २०२२ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले, तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या, आणि ते जगभर खपले. तिथल्या बाजारात ‘पहिली कादंबरी’ या शब्दालाच किंमत आहे. पॉला हॉकिन्स यांची २०१५ मधली रहस्यकादंबरी पहिली म्हणून गाजली. वास्तविक त्यांनी आधी एमी सिल्व्हर या नावाने प्रेमकथा लिहिल्या होत्या. नव्या नावाने जुनी पाटी पुसली गेली. आपल्याकडे टोपणनावाचा इतिहास निराळा आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे कोण आहे याचा शोध घेण्यात महाराष्ट्राने जितकी शक्ती खर्च केली, तितकी त्या कथा समजून घेण्यात केली असती तर बरे झाले असते. ते नाव लेखिकेच्या संरक्षणासाठी होते. आज माझ्याकडे येणाऱ्या बाडांवर टोपणनाव फारसे दिसत नाही, उलट माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे ठळक अक्षरात लिहिलेली असतात. मला हे आवडते, जरी मुखपृष्ठ करणाऱ्याची जागेवरून ओढाताण होते.

विषयांच्या बाबतीत मात्र मी कमालीची आशावादी आहे. कविता महाजन यांची ‘ब्र’ ही पहिली कादंबरी २००५ मध्ये आली, आणि स्त्रीच्या कादंबरीने घराच्या चौकटीतून उठून ग्रामपंचायतीत, आदिवासी पाड्यात, संस्थांच्या कार्यालयात जावे, हे तिने पक्के केले. त्यानंतरच्या बाडांत मला सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिफ्ट दिसते, बागलाणातली अहिराणी संवादांत सरळ येते, गावातल्या आरोग्यसेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या वह्या दिसतात, लग्नाची वाट पाहत बसलेले शेतकऱ्याचे पोर दिसते. एका लेखिकेने कांद्याच्या लिलावावर बावीस पाने लिहिली होती आणि त्यांतला एक शब्दही काढावासा वाटला नाही. इतका ऐवज हाती असताना तो पहिल्याच खर्ड्यात उधळला जातो, याचे म्हणूनच जास्त वाईट वाटते.

ज्यांच्याकडे बाड तयार आहे, त्यांच्यासाठी दोन जागा सांगते, कारण तिथे छापण्याआधी वाचले जाते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, आणि तिच्यात हस्तलिखित तज्ज्ञांकडे जाते. दुसरी जागा दिवाळी अंकांची. कादंबरीतले एक प्रकरण कथा म्हणून उभे राहते का, हे पाहण्यासाठी ते उन्हाळ्यातच एखाद्या संपादकाकडे पाठवावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत. कवितेचा त्यातला पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने दिला जातो. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. पहिल्या पुस्तकाच्या पुरस्काराला, स्वतःचे पहिले पुस्तक पाहू न शकलेल्या बाईचे नाव आहे, हे दरवर्षी ती जाहिरात तपासताना मला आठवते.

निफाडच्या बाईंना मी प्रुफे परत दिली तेव्हा भीतभीतच म्हटले होते, की एवढ्या चक्करा आणि एवढे फोन कमी करता आले तर पाहा. माझे ते काम नव्हते. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, कथेत बोट घालू नये, असा आमच्या धंद्यातला दंडक आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे घडांची विरळणी करायची म्हणा की, ताई.” द्राक्षाच्या घडातले मणी वेळेवर कातरून विरळ केले नाहीत, तर उरलेल्यांना फुगायला जागा मिळत नाही, हे मला त्यांनीच समजावून सांगितले. छापखान्यात दिलेली तारीख त्यांनी पुढे ढकलली, आणि त्यासाठी दिलेल्या आगाऊ रकमेवर पाणी सोडले.

खरड छाटणीची धावपळ आवरल्यावर, पावसाळ्यात कधीतरी त्या पुन्हा आल्या. एकेचाळीसची एकोणतीस प्रकरणे झाली होती. दार फक्त एकदा वाजत होते, आणि ते वाजायलाच हवे होते. सासूचे प्रकरण मात्र चार पानांवरून सतरा पानांचे झाले होते, कारण, त्या म्हणाल्या, ती बाई पहिल्या वेळी नीट दिसलीच नव्हती. पाने मोजली तर साडेदहा फॉर्म भरत होते. प्रकाशक अजून ठरलेला नाही.

नमस्कार.