सुशीवाल्याच्या हवाली

श्रोतेहो, नमस्कार.

हॉटेलात बसलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज काय काय आहे?" टोकियोतल्या ओमाकासे पद्धतीच्या सुशीच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे मेनू कार्डच नसतं. 'ओमाकासे' म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. काय वाढायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्षणी, हे सगळं आचारी ठरवतो. गिऱ्हाइकाकडे दोनच कामं उरतात. आपल्याला काय चालत नाही ते आधी सांगणं आणि घास समोर आला की लगेच खाणं. ह्या दुसऱ्या कामाचं महत्त्व कळायचं, तर सुशीत काय काय घडतं ते आधी पाहायला हवं.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. खरं तर सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. तिचं मूळ रूप मासा टिकवण्याचं होतं: खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, मग मासा खायचा आणि भात बहुधा टाकून द्यायचा. बिवा तलावाच्या काठी फुनाझुशी नावाने हा प्रकार आजही होतो. हाताने वळलेली निगिरी सुशी एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली. १८२० च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेइने ती लोकप्रिय केली असं मानतात. रस्त्यावरच्या गाडीपाशी उभ्याउभ्या दोन घास खाऊन कामाला पळायचं, असं हे खाणं होतं. आज त्याच खाण्यासाठी दोन-दोन महिने आधी जागा धरावी लागते.

आता भात. सुशीवाले आपसात त्याला 'शारी' म्हणतात आणि हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बुद्धाच्या अस्थींना संस्कृतात 'शरीर' म्हणत. तो शब्द बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि पांढऱ्या, बारीक अस्थिकणांसारखा दिसणारा तांदूळ 'शारी' झाला, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात.

हा तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट जातीचा. इंद्रायणीचा मऊ भात खाणाऱ्यांना थोडा अंदाज येईल. तरीही सुशीवाला फार चिकट तांदूळ टाळतो. बरेच जण नव्या तांदळात जुना मिसळतात, कारण जुन्यात ओल कमी असते आणि तो व्हिनेगर चांगलं पितो. पाणीही नेहमीपेक्षा जरा कमी घालतात. १ किलो कच्च्या तांदळाला अंदाजे १२० ते १५० मिलिलिटर व्हिनेगर आणि २० ते ३० ग्रॅम मीठ लागतं. साखर दुकानागणिक बदलते. साके म्हणजे तांदळाचं मद्य, ते गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेलं तांबूस व्हिनेगर वापरणारे जुन्या वळणाचे लोक ती फार कमी घालतात, काही अजिबात घालत नाहीत. अशा दुकानात भात फिकट बदामी दिसला तर नवल वाटू देऊ नका.

व्हिनेगर मिसळायला पसरट लाकडी परात असते. ती आधी ओली करून घ्यावी लागते, नाहीतर कोरडं लाकूडच व्हिनेगर पिऊन टाकतं. भात वाफाळता असतानाच व्हिनेगर ओततात, कारण गरम दाणाच ते आत घेतो. मग उलथनं उभं धरून कापल्यासारखं फिरवायचं. दाबून ढवळलं की दाणे फुटतात आणि खळ होते. शेवटी पंख्याने वारा घालून वरची ओल उडवली की दाण्यावर तकाकी येते. हा भात फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. गार भातातला पिष्टाचा भाग पुन्हा घट्ट होतो आणि दाणा कडक पडतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकताना तो मोकळा होतो ना, कारण तेच. फोडणीच्या भाताला हा गुण लाभतो, पण सुशीला तो मारतो. तिचा भात अंगाच्या उबेइतकाच, ३५ ते ३७ अंशांच्या आसपास हवा.

म्हणूनच ओमाकासेत वेळेला इतकं महत्त्व. संध्याकाळी सहाची जागा असेल, तर सहाला पहिला घास वळता यावा अशा बेताने भात लावलेला असतो. दुकानात आचाऱ्यासमोर आठ-दहा माणसांची एकच लांब फळी, म्हणजे काउंटर, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदमच सुरू होतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलात, तर एकतर सगळे खोळंबतात किंवा तुमचे सुरुवातीचे पदार्थ हुकतात. पाच-दहा मिनिटं आधी दारात असावं. त्याहून लवकर आत शिरू नये, आतली मांडामांड चालू असते.

अत्तर लावून जाऊ नका, हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं. माणसामाणसांतलं अंतर हातभराचं असतं आणि माशाचा वास फार नाजूक असतो. एका माणसाच्या सेंटने दहा जणांचं जेवण बिघडतं. बरीच दुकानं हे जागा धरतानाच बजावतात. फळी बहुधा हिनोकीच्या अखंड लाकडाची, बिनपॉलिशची असते. तिच्यावर मोबाइल ठेवू नका. घड्याळ आणि कडी-अंगठ्या काढून ठेवल्या तर उत्तमच, कारण एक ओरखडा कायमचा राहतो. फोटो काढायचा असला तर आधी विचारा.

जेवणाचे दोन साचे असतात. कुठे आधी साकेबरोबर खायचे छोटे पदार्थ येतात आणि मग निगिरी. कुठे पहिल्यापासून निगिरीच. साधारण हलक्या चवीकडून भारी चवीकडे जातात: पांढऱ्या मांसाचे मासे, माकूळ, मग ट्यूना, रुपेरी कातडीचे मासे, कोळंबी, शिंपले, शेवटी गोडसर रस लावलेली शिजवलेली वाम. हा क्रम सक्तीचा नाही. आपल्या भाताची आंबट चव आधी कळावी म्हणून कोणी ट्यूनानेच सुरुवात करतो.

ट्यूनाचा पोटाकडचा चरबीदार भाग, ओतोरो, आज सर्वांत महाग. पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा तो लवकर खराब होई म्हणून कोणी विचारत नसे. आचाऱ्याची पारख करायची तर माझ्या मते ओतोरो सोडून कोहादाकडे पाहावं.

कोहादा हा आपल्या तारलीच्या कुळातला, काटेरी, स्वस्तातला मासा. नुसता कच्चा खावा असा त्यात काही गुण नाही, आणि म्हणूनच हाताची कसोटी तिथे लागते. खवले काढून, डोकं उडवून तो पोटाकडून उघडायचा आणि मधला काटा काढायचा. बांबूच्या रोवळीवर कातडी खाली ठेवून मीठ भुरभुरायचं. किती वेळ? मासा केवढा, त्यात चरबी किती, हवा कशी, ह्यावर १५ मिनिटं किंवा तासभरही. मग धुऊन, थोड्या व्हिनेगरने विसळून, ताज्या व्हिनेगरात १०-१५ मिनिटं बुडवायचा आणि निथळून एक-दोन दिवस मुरू द्यायचा. मीठ कमी पडलं तर उग्र वास राहतो. व्हिनेगरात जास्त राहिला तर आम्लाने मांस पांढरं, कोरडं आणि चरबरीत होतं. नीट साधलेल्या कोहादात मीठ, आंबटपणा आणि माशाची चव एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ह्याच माशाची बोटभर पिल्लं येतात, त्यांना शिंको म्हणतात. एका घासावर तीन-चार पिल्लं बसवावी लागतात आणि मिठाचं गणित मिनिटांवर येतं. त्या दिवसांत गेलात तर हा घास चुकवू नका.

पांढरे मासेही अगदी ताजेच वाढतात असं नाही. नुकत्याच मारलेल्या ताई किंवा हिरामे माशाचं मांस करकरीत असतं, पण चव कमी. मासा पकडल्याबरोबर मेंदूत टोचून आणि रक्त काढून मारतात, मग बर्फाच्या गारव्यात काही दिवस मुरवतात. त्या काळात मांसातले घटक विघटित होऊन इनोसिनिक आम्ल तयार होतं आणि तोंडात भरणारी चव त्याचीच.

इथे एक सावधगिरी. कच्च्या माशात अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. व्हिनेगर, मीठ, झणझणीत वासाबीचा कंद ह्यांपैकी कशानेही तो मरत नाही. उणे २० अंशांखाली २४ तास गोठवणं किंवा नीट शिजवणं, हेच उपाय. हे वाचून-ऐकून कोणी आपल्या बाजारातला बांगडा घरी कच्चा कापायला घेऊ नये. तो शिजवून खाण्याच्या हिशेबाने हाताळलेला असतो. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्या जेवणाला बसू नये.

आता प्रत्यक्ष घास वळला जातो तो क्षण. डाव्या हातात माशाचा काप. उजव्या हाताच्या तर्जनीने त्यावर वासाबीचं बोट. हा वासाबी खरा, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात वाढणारा कंद, बहुधा इझुकडचा, शार्कच्या कातडीवर जेवढ्यास तेवढा किसलेला. त्याचा झणका काही मिनिटांत उतरतो, म्हणून तो आधी किसून ठेवत नाहीत. उजवा हात लाकडी भांड्यातून भात उचलतो, दहा-पंधरा ग्रॅम, न मोजता. अंगठ्याने भाताच्या मध्यात हलकी खळी, म्हणजे आत हवा राहते. उलटवायचं, दोन्ही बाजूंनी दाबायचं, पुन्हा फिरवायचं. सहा-सात सेकंदांत झालं. वरून ब्रशने आटवलेल्या सोया सॉसचा एक हात. नीट वळलेली निगिरी समोर ठेवली की क्षणभर बघा: आपल्याच वजनाने ती किंचित खाली बसते. दाणे एकमेकांना धरून आहेत, पण दाबलेले नाहीत.

आता थांबू नका. भात उबदार आहे, मासा जरा गार आहे, वासाबी जागा आहे. दोन-तीन मिनिटं गप्पांत गेली की भात निवतो आणि माशाचा वरचा भाग सुकतो. हाताने खाल्लं तरी चालतं आणि बोटं पुसायला ओला कपडा दिलेला असतो. घास आडवा करून अंगठा आणि दोन बोटांत धरा, एका घासात तोंडात टाका. वर सॉस लावलेला असतोच, वेगळा बुडवायचा नाही. कधी वाटी दिलीच तर माशाची कड टेकवावी. भात बुडवला की तो सॉस शोषतो आणि सुटून पडतो. आल्याच्या चकत्या दोन घासांमध्ये खायच्या, घासावर ठेवायच्या नाहीत.

सोपवलं म्हणजे तोंड मिटून बसायचं असं नाही. घास मोठा वाटला तर 'शारी सुकुनामे', म्हणजे भात जरा कमी. वासाबी नको तर 'साबी नुकी'. डावखुरे असाल तर सांगा, निगिरी त्या कोनात ठेवतील. मासा कुठला, केव्हाचा, हे विचारलेलं बहुतेकांना आवडतं. फक्त आचाऱ्याचे हात मोकळे असताना विचारा.

काय चालत नाही ते मात्र जागा धरतानाच कळवायचं. फळीसमोर बसल्यावर शिंपल्यांची अ‍ॅलर्जी सांगितली तर त्या दिवसाची खरेदी होऊन गेलेली असते. आणि मराठी मंडळींसाठी स्पष्टच सांगायला हवं: शाकाहारी माणसासाठी ही जागा नव्हे. सूप आणि रस्से दाशीवर, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या अर्कावर असतात, शेवटच्या गोड अंड्यातही अनेकदा कोळंबी वाटून घातलेली असते. सॉसमध्ये मिरिन म्हणजे गोड मद्य असतं. जपानमधल्या बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी जेवण बिनमांसाचं असतं, ते शोधावं.

खर्च मोठा आहे. नावाजलेल्या दुकानात रात्री माणशी २० ते ४० हजार येन सहज जातात, त्याहून जास्तही. दुपारी तेच हात बऱ्याच ठिकाणी कमी पैशांत अनुभवता येतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारच निवडावी. जागा धरताना कार्डाचा नंबर घेतात आणि ऐन वेळी रद्द केलं तर पूर्ण रक्कम कापणारी दुकानं पुष्कळ आहेत. त्यात त्यांचं चुकत नाही, कारण मासा तुमच्या नावाने आणलेला असतो. काही दुकानं फक्त ओळखीने घेतात. टोकियोतल्या गिन्झा भागातल्या सुकियाबाशी जिरो ह्या दुकानात सर्वसामान्यांना जागा धरता येत नाही, म्हणून २०१९ मध्ये हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेने ते यादीतून वगळलं. टोकियोतला तोयोसुचा मासळीबाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, तेव्हा दिवस ठरवताना तेही पाहा.

शेवटी अंड्याची गोडसर वडी येते, मिसोचं सूप येतं. मग आचारी विचारतो, आणखी काही हवं का? आता निवड तुमची. आवडलेला एखादा घास पुन्हा मागता येतो, त्याचे पैसे वेगळे. नको असेल तर बिल मागा. साधं 'ओकाइकेइ' म्हणावं. 'ओआइसो' हा दुकानातल्या लोकांचा आपसातला शब्द, तो त्यांच्यासाठी राहू द्या. टिप ठेवायची नाही. 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणून उठावं. पुढच्या वेळेचे लोक येऊ घातलेले असतात आणि त्यांच्यासाठीचा भात तोवर शिजायला लागलेला असतो.

नमस्कार.